पाच दिवसांचा पहिला परदेश प्रवास : करंजीच्या सारणापासून सुरुवात

आईने करंज्यांचे सारण परातीत काढून ठेवले होते. भाजलेले खोबरे, पिठीसाखर, वेलची, आणि वरून परतून घेतलेली खसखस. दिवाळीला आठ दिवस होते आणि आम्ही तिघे, म्हणजे आई, बाबा आणि मी, चार दिवसांनी सिंगापूरला निघणार होतो. तिथे माझा मावसभाऊ राहतो आणि त्याच्यासाठी फराळाचा डबा न्यायचा हे आईने तिकिटे काढण्याच्याही आधी ठरवून टाकले होते. त्या संध्याकाळी मला तिला सांगावे लागले की खसखस घातलेला कोणताही पदार्थ सिंगापूरला नेता येणार नाही. खसखस अफूच्या बोंडातून येते आणि तिच्यात अमली द्रव्यांचे अंश असू शकतात, म्हणून सिंगापूरच्या कायद्यात ती प्रतिबंधित वस्तूंमध्ये गणली जाते. संयुक्त अरब अमिरातीतही तिच्यावर बंदी आहे. आपल्याकडे अनारसे, करंज्या, मसाला, सगळीकडे सहज पडणारी ही वस्तू दुबईच्या किंवा सिंगापूरच्या विमानतळावर एखाद्याला मोठ्या संकटात टाकू शकते, यावर आईचा प्रथम विश्वासच बसला नाही. मग तिने ते सारण घरच्यांसाठी बाजूला ठेवले, तीळ भाजून घेतले आणि डब्यापुरते नवे सारण केले. अनारसे मात्र घरीच राहिले.

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, कारण लहानशा परदेश प्रवासात येणाऱ्या बहुतेक अडचणी घरात, निघण्यापूर्वी, दूर करता येतात आणि तिथे पोहोचल्यावर त्याच अडचणी फार महाग पडतात, असे माझे ठाम मत झाले आहे. तीन आठवड्यांच्या सहलीत एक दिवस वाया गेला तर तो भरून काढता येतो. पाच दिवसांच्या सहलीत जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले की हातात तीनच दिवस उरतात आणि त्यातली एक दुपारही कागदपत्रांच्या घोळात गेली तर मनाला लागते. आमच्या कोल्हापुरातून गेल्या वर्षभरात ओळखीचे बरेच जण पहिल्यांदाच परदेशी निघाले आणि प्रत्येकाने मला जवळजवळ तेच प्रश्न विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. उदाहरण सिंगापूरचे घेतले आहे, कारण ते मी जवळून पाहिले. पण यातील बराचसा भाग इतर कोणत्याही देशाला लागू पडेल.

पहिला विषय पासपोर्टचा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी तिकिटांचे दर बघण्यापूर्वी अर्ज करावा, कारण पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसते. ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि साठीच्या पुढील व्यक्तींना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत मिळते. बाबांना ती मिळाली. ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे त्यांनी कपाटातून काढून त्यावरची मुदतीची तारीख आजच पाहावी. मुदत संपायला चार महिने बाकी आहेत, मग काय हरकत आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु सिंगापूरसह अनेक देश त्यांच्याकडे पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात आणि ती पूर्ण होत नसेल तर विमान कंपनी आपल्याला मुंबईतच थांबवते. पानांवर कोणी पेनाने काही लिहिले नाही ना, पाणी लागून फोटोचे पान फुगले नाही ना, तेही पाहून घ्यावे.

आता नावाबद्दल, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण आपल्या मराठी नावांच्या पद्धतीमुळे हा घोटाळा आपल्याकडे हमखास होतो. आपण स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव असे लिहितो. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात : एक आडनावाचा आणि दुसरा दिलेल्या नावाचा. या दुसऱ्या रकान्यात बहुतेकांच्या बाबतीत स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन्ही नावे एकत्र छापलेली असतात. काहींच्या पासपोर्टवर मधले नाव नसतेच, तर काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असून सगळे नाव एकाच ओळीत असते. तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून, जसे छापले आहे तसेच नाव भरावे. आधार कार्डावर वेगळे आहे, बँकेत वेगळे आहे, घरी सगळे दुसऱ्याच नावाने हाक मारतात, याचा इथे काही संबंध नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी तर विशेष काळजी घ्यावी. ज्यांच्या पासपोर्टवर फक्त एकच नाव आहे आणि आडनावाचा रकाना कोरा आहे त्यांना संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून प्रवेश मिळण्यात अडचण येते. तो नियम तिथे २०२२ च्या अखेरीस लागू झाला. अशांनी आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा हे उत्तम.

आमच्या बाबतीत, ज्यांनी तिकिटे काढून दिली त्यांनी आईचे नाव तिच्या पहिल्या नावाने आणि आडनावाने भरले होते, आणि तेही स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. ते मला निघण्याच्या नऊ दिवस आधी, व्हिसाचा कागद आणि तिकीट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचताना दिसले. दुरुस्ती झाली, पण त्यासाठी दोन दिवस सतत फोन करावे लागले आणि पैसेही भरावे लागले. तिकीट हाती आले त्याच रात्री ते ताडून पाहिले असते तर एवढी धावपळ झाली नसती. तेव्हापासून मी घरातल्या कोणाचेही तिकीट आले की पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट हे तीन कागद एका ओळीत मांडते आणि दुसऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला लावते. आपण स्वतः वाचताना डोळा जे अपेक्षित असते तेच वाचतो.

व्हिसाबद्दल फार लिहित नाही, कारण नियम वरचेवर बदलतात. भारतीयांना कोणत्या देशात व्हिसाशिवाय जाता येते याच्या याद्या सतत मोबाइलवर फिरत असतात आणि त्यातल्या कित्येक जुन्या असतात. त्या त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन (देशात येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या) विभागाच्या संकेतस्थळावर जे लिहिले असेल तेवढेच खरे मानावे. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत काढता येतो, पासपोर्टवर शिक्का किंवा स्टिकर न लागता तो कागदावर छापून मिळतो आणि तिथल्या सरकारचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. एजंटाचे पैसे त्याहून वेगळे. याखेरीज तिथे पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत प्रत्येक प्रवाशासाठी आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. हा अर्ज विनामूल्य आहे. तरीही त्यासारखीच दिसणारी आणि पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे शोधात वर येतात, तेव्हा पत्ता नीट पाहूनच अर्ज भरावा. पैसे मागितले की ते संकेतस्थळ सरकारी नाही, असे खुशाल समजावे.

तारखेची एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि पहाटेचे १२.४० अशी वेळ असेल, तर आपल्याला १४ तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर पोहोचायचे असते. ही साधी गोष्ट घाईत लक्षात राहत नाही. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने मुंबईची गाडी १५ तारखेची ठरवली, ते सकाळी सामान बांधत बसले होते आणि विमान कधीच निघून गेले होते. चौघांची तिकिटे आणि पहिल्या रात्रीचे हॉटेल असे सगळे गेले. तेव्हा तिकीट हाती येताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत घरातून निघण्याची तारीख, वार आणि तास लिहावा. विमानाची वेळ लिहूच नये, म्हणजे गोंधळ होत नाही. मुंबई-पुण्याबाहेरच्या आपल्यासारख्यांनी तर आणखी मोकळा वेळ धरावा. कोल्हापूर ते मुंबई हे अंतर कागदावर पावणेचारशे-चारशे किलोमीटर दिसते, पण घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळा हिशेब कोसळतो. आम्ही आदल्या दिवशीच मुंबईत आत्याकडे जाऊन राहिलो आणि आई-बाबांची एक रात्रीची झोप झाली, याचा पुढच्या दोन दिवसांत खूप उपयोग झाला.

सामान बांधताना घरी हातात धरून वजन करायचा काटा जरूर आणावा. तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. विमान कंपनीने किती किलो दिले आहेत ते तिकिटावरच लिहिलेले असते, आणि स्वस्त तिकिटात चेक-इनचे, म्हणजे काउंटरवर जमा करायचे सामान मुळीच नसते असेही होते. काय कोणत्या बॅगेत जाते हे त्याहून महत्त्वाचे. पॉवर बँक नेहमी सोबतच्या हातातल्या बॅगेत ठेवावी. ती चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग बाजूला काढली जाते आणि आपले नाव पुकारले जाते. १०० वॉट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची पॉवर बँक सहसा चालते. हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या वरच्या बाटलीत नेता येत नाहीत, आणि तेल सुटलेले लोणचे, तूप, पातळ चटणी हे सगळे त्या नियमात येते. अशा वस्तू घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत घालाव्यात. उलट सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरल्या जातात. परदेशातल्या लेकीसाठी खोबरे नेणाऱ्या कितीतरी आयांना हे विमानतळावरच कळते. सिंगापूरला च्युइंग गम नेण्यासही बंदी आहे, ई-सिगारेटलाही आहे, आणि सिगारेटवर तिथे पर्यटकांना करमाफी नाही.

औषधे मूळ पट्टीतच न्यावीत. डबीत सुट्या काढलेल्या गोळ्या नेऊ नयेत. डॉक्टरांकडून रसायनाच्या नावासह चिठ्ठी लिहून घ्यावी, कारण आपल्याकडच्या कंपनीचे नाव तिथल्या डॉक्टरला कळणार नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या यांवर बऱ्याच देशांत निर्बंध आहेत. सिंगापूरला त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागू शकते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही दोन भागांत ठेवल्या, एक त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत आणि एक माझ्याकडे. प्रवास विमा काढताना रक्तदाब आणि मधुमेह लपवू नये. हप्ता थोडा वाढतो, पण लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर परदेशी रुग्णालयाचे बिल कोणत्याही मध्यमवर्गीय घराला पेलणारे नसते.

पैशांच्या बाबतीत आपल्याकडच्या लोकांना सगळी रोकड जवळ असावी असे वाटते आणि त्यामागची काळजी मला समजते. पण थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घेतलेले कार्ड) आणि अडीनडीला बँकेचे एक कार्ड अशी विभागणी अधिक सुरक्षित आहे, आणि ही तिन्ही एकाच पाकिटात कधीही ठेवू नयेत. बँकेच्या कार्डावर परदेशातील व्यवहार सुरुवातीला बंद ठेवलेले असतात. ते ॲपमधून आपणच चालू करावे लागतात आणि परत आल्यावर बंद करावे लागतात. दुकानातले यंत्र पैसे घेताना विचारते की रुपयांत घेऊ की सिंगापूर डॉलरमध्ये. रुपये हा शब्द पाहून बरे वाटते, पण तो पर्याय निवडला की दुकानाच्या बाजूने ठरवलेला महाग दर लागतो. नेहमी तिथल्या चलनाचे बटण दाबावे. बाबांनी एका दुकानात कॅशियरला स्वतःहून सांगितले की डॉलरमध्येच घ्या, तेव्हा मला फार समाधान वाटले. टूर कंपनीकडून पॅकेज घेतले असेल तर ते स्रोतावर कर वसूल करतात, म्हणजे पॅकेजच्या पैशांसोबतच आयकराची रक्कमही घेतात. ती रक्कम आपल्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वजा किंवा परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवावी.

मोबाइलबद्दल एकच महत्त्वाचे. तिथले सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारे सिम) घेतले तरी आपले भारतीय सिम फोनमध्ये चालू ठेवावे, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रोमिंगची सेवा निघण्यापूर्वी भारतातूनच सुरू करून घ्यावी आणि त्या सिमचे डेटा रोमिंग मात्र बंद ठेवावे.

विमानतळावरचा क्रम आई-बाबांना मी घरीच समजावून सांगितला होता : आधी कंपनीच्या काउंटरवर बोर्डिंग पास आणि सामान, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, मग गेट. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर घाबरण्यासारखे काही नसते. कुठे जाता, किती दिवस, कोणासोबत, परतीचे तिकीट आहे का, एवढेच विचारले जाते आणि उत्तर एका वाक्यात, खरे द्यावे. भारतीय प्रवाशांना पूर्वी निर्गमनाचा कागद भरावा लागे. तो २०१७ च्या जुलैपासून बंद झाला आहे. हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट, विमा आणि व्हिसा यांच्या छापील प्रती मी प्रत्येकाच्या वेगळ्या फाइलमध्ये दिल्या होत्या, माझ्या एकटीकडे ठेवल्या नव्हत्या. रांगेत घरचे लोक वेगळे होतात आणि मोबाइलची बॅटरी संपते, तेव्हा कागदच उपयोगी येतो. सिंगापूरला पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, मुक्कामाची शेवटची तारीख ईमेलने येते. म्हणून ज्येष्ठांच्या आगमनाच्या अर्जात असा ईमेल द्यावा जो कोणीतरी खरोखर उघडून पाहते.

तिथे पोहोचल्यावर काय काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी किती कमी पाहावे एवढेच सांगते. सकाळी एक ठिकाण, दुपारी हॉटेलवर विश्रांती, संध्याकाळी एक ठिकाण. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे तिथे बारा महिने उकाडा असतो आणि दुपारी धो धो पाऊस कोसळतो, तर मॉल आणि मेट्रोत थंडी वाजते. छत्री आणि शाल ही दोन्ही एकाच पिशवीत लागली. बोटॅनिक गार्डन्सला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आहे, तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत, आणि आमची सगळ्यात शांत सकाळ तिथेच गेली. आई एका प्रचंड जुन्या झाडाखालच्या बाकावर जवळजवळ तासभर बसून होती. ठरवलेले दुसरे ठिकाण मी त्या दिवशी रद्द केले आणि त्याचे मला जराही वाईट वाटले नाही.

मेट्रोत प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. एकाच कार्डावर तिघांना जाता येत नाही. आत खाणेपिणे दंडनीय आहे आणि ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा पाण्याची बाटलीही बाहेर आल्यावर उघडावी. नळाचे पाणी पिण्यासारखे आहे, म्हणून बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण प्लगच्या तीन पिना चौकोनी असतात आणि त्यासाठी ॲडॅप्टर लागतो. तो इथूनच न्यावा.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये, पण स्पष्ट विचारावे. नुसते व्हेज म्हटल्याने तिथे माशाचे सॉस किंवा अंडे वगळले जाईलच असे नाही. मासे नको, अंडे नको, असे एकेक सांगावे लागते. लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीत सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेले कोमला विलास हे उपाहारगृह आहे. तिथे डोसा आणि भात समोर आल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जे आले ते दोन दिवस आले नव्हते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांत, जेवल्यावर ताट आपणच ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचे असते, तसा नियम २०२१ पासून काटेकोरपणे पाळला जातो. दिवाळीच्या आधीच्या त्या आठवड्यात सेरंगून रोडवर दोन्ही बाजूंनी दिव्यांच्या कमानी होत्या, झेंडूच्या माळा विकायला होत्या, आणि आईने तिथे उभे राहून रांगोळीच्या रंगांचे भाव विचारले.

मावसभावाच्या घरी तिसऱ्या दिवशी डबा उघडला. करंजीचा तुकडा तोंडात टाकून तो थांबला आणि म्हणाला, मावशी, चव थोडी वेगळी आहे. आईने त्याला तिळाचे कारण सांगितले. तो तिथे अकरा वर्षे राहतो आणि त्याला खसखशीचे ठाऊक होते. फक्त ती करंजीत असते हे तो विसरून गेला होता.

परतीचे विमान शनिवारी सकाळचे घेतले होते, म्हणजे मुंबईला उतरून कोल्हापूरला पोहोचायला आणि सोमवारी शाळेत उभे राहायला मला एक पूर्ण दिवस मिळाला. नोकरी करणाऱ्यांनी हा एक दिवस सुट्टीत धरलाच पाहिजे. घरी आल्यावर आईने दोन्ही पासपोर्ट एका खाकी पाकिटात घातले आणि कपाटात ठेवण्यापूर्वी माझ्याकडून मुदतीची तारीख वाचून घेतली. तिने बोटांवर सहा महिने मागे मोजले आणि तो महिना व साल पाकिटावर लाल पेनने लिहिले.